गुप्ततेचे वेगळे पैसे पडत नाहीत

शंभर रुपयांच्या आसपास मिळणारी तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्यायला गेलेला मुलगा मेडिकलमधून अडीचशे रुपये घालवून बाहेर पडतो. काउंटरपाशी ओळखीच्या काकू उभ्या असतात, म्हणून तो आधी बाम मागतो, मग टूथपेस्ट, मग खोकल्याच्या गोळ्या. काकू गेल्या की हलक्या आवाजात खरी वस्तू. वरचे दीडशे रुपये गेले ते काकू जाईपर्यंत उभं राहण्याचं भाडं म्हणून.

लैंगिक आरोग्यावर साध्या माणसाचा किती खर्च होतो हे मांडायला बसले, तेव्हा हे भाडं मला जवळजवळ प्रत्येक बिलात सापडलं. शंभर रुपयांच्या गोळीवर दीडशे, सरकारी दवाखान्यात फुकट होणाऱ्या तपासणीवर दीड-दोन हजार, गर्भपातावर पाच-सहा हजार. आपली गोष्ट बाहेर जाऊ नये एवढ्यासाठी लोक मागतील ते देतात. खरं तर नाव गुप्त ठेवणं हे यातल्या बहुतेक सेवांमध्ये कायद्यानेच डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर टाकलेलं काम आहे. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

खाली दिलेले खासगी दर पुणे-मुंबईसारख्या शहरांतले आणि ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी थोडे कमी धरा, काचेच्या दारांच्या रुग्णालयात दुप्पट. सरकारी बाजू सोपी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून सिव्हिलपर्यंत सगळीकडे तपासणी आणि उपचार मोफत झाले, केस पेपरचे पैसेसुद्धा गेले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे आणि महापालिकांची त्यांच्या त्यांच्याकडे, त्यामुळे तिथे नाममात्र शुल्क लागू शकतं.

गर्भ राहू नये म्हणून

‘निरोध’ हा सरकारी कंडोम १९६८ साली बाजारात आला तेव्हा पंधरा पैशांना तीन मिळायचे, म्हणजे नग पाच पैशाला. आज ब्रँडचा साधा कंडोम नगाला दहा रुपयांच्या आसपास पडतो, रंग-वास-ठिपक्यांचे पुढे कितीही. आरोग्य केंद्रात कंडोम फुकट मिळतो. फुकटचा कमअस्सल असतो ही समजूत काढून टाका. पाकिटावरची मुदत तेवढी बघा आणि तो पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने दाबून ठेवू नका.

तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. २००५ पासून तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. दुकानदार चिठ्ठी मागत असेल, लग्न झालंय का विचारत असेल, तर पुढच्या दुकानात जा. हिने गर्भपात होत नाही, राहिलेला गर्भ ती पाडत नाही. महिन्यात तीन-चारदा घेऊ लागलात तर पैशांनी आणि पाळीच्या गोंधळाने दोन्हीकडून महागात पडेल. मग नेहमीचं साधन बरं. तांबी सरकारी रुग्णालयात फुकट बसवतात आणि ३८० ए प्रकारची दहा वर्षं चालते. खासगीत दोन ते पाच हजार. संबंधानंतर पाच दिवसांत बसवली तर ती तातडीच्या गोळीचंही काम करते, आणि जास्त खात्रीने. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, कारण तांबी दुकानात विकली जात नाही. तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या याही सरकारी केंद्रात मोफत. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. लखनौच्या प्रयोगशाळेत तयार झालेली ही हार्मोन नसलेली गोळी बाजारात ‘सहेली’ म्हणून मिळते.

पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी फुकट होते, वर रोख भरपाईही मिळते. काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशात बाईची नसबंदी झालेली जोडपी ३७.९ टक्के आणि पुरुषाची झालेली ०.३ टक्के निघाली. इथे खर्चाचा प्रश्न नाही हे उघड आहे, म्हणून पुढे जाते.

पाळी चुकली तर

मेडिकलमध्ये तपासणीची पट्टी पन्नास-साठ रुपयांना मिळते. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असतं, ते मोफत. पट्टीवर दोन रेघा आल्या आणि मूल नको असेल, तर इथून पुढे प्रत्येक आठवड्याला दर चढतो. म्हणून पैशाच्या दृष्टीने पहिला सल्ला एकच: कोणाला सांगायचं या विचारात तीन आठवडे घालवू नका.

आपल्याकडे गर्भपात १९७१ च्या कायद्याने वैध आहे. तो ज्या समितीच्या अहवालावर उभा आहे तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. तरी अजून बऱ्याच लोकांना वाटतं की गर्भपातावर बंदी आहे, कारण दवाखान्याच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी असते आणि लोक दोन कायद्यांची सरमिसळ करतात. मुलगा की मुलगी हे पाहणं दुसऱ्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच कायद्यामुळे सोनोग्राफीला ओळखपत्र मागतात आणि एक फॉर्म भरून घेतात. तो फॉर्म सोनोग्राफीचा असतो, त्यावरून गर्भपाताची चौकशी होत नसते. ओळखपत्र बरोबर ठेवा आणि घाबरू नका.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांना दोघांचं लागतं, तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. या दुरुस्तीने ‘नवरा’ हा शब्द काढून ‘जोडीदार’ आणला, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्न न झालेल्या स्त्रीलाही वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत सामावून घेतलं. अठरा पूर्ण असलेल्या बाईच्या बाबतीत सही फक्त तिची. नवऱ्याची नाही, आईची नाही, सासूची तर नाहीच. ‘मिस्टरांना घेऊन या’ असं काउंटरवर म्हणाले तर ती त्या रुग्णालयाची सवय समजा. कायद्यात तसं काही नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती लागते आणि पोक्सोखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण तिचं नाव-गाव त्या कळवण्यात घालायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे.

आता दर. नऊ आठवड्यांच्या आत गर्भपात गोळ्यांनी होतो. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉलचं एकत्र पाकीट तीनशे ते पाचशे रुपयांचं असतं आणि ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. पहिली गोळी, मग दीड-दोन दिवसांनी बाकीच्या, पंधरवड्यानंतर पुन्हा तपासणी. डॉक्टरची फी, आधीची सोनोग्राफी, गोळ्या आणि नंतरची तपासणी धरून खासगीत साडेतीन ते सात हजार होतात. बारा आठवड्यांपर्यंत पिशवी साफ करण्याचे आठ ते वीस हजार. त्यापुढे पंचवीस हजारांच्या खाली क्वचित. सरकारी रुग्णालयात यातलं सगळं मोफत. सगळ्याच केंद्रांत प्रशिक्षित डॉक्टर रोज नसतात, म्हणून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला आधी फोन करून वार विचारा.

पाकीट तीनशेचं असताना मधे सात हजार का द्यायचे, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने या गोळ्यांच्या विक्रीवर कडक कारवाई केली, तेव्हापासून बरेच दुकानदार हे पाकीट ठेवतच नाहीत. आणि जिथे चोरून मिळतं तिथे तीनशेच्या पाकिटाचे पंधराशे-दोन हजार घेतात. म्हणजे चोरवाटेवरही गुप्ततेचं भाडं आहेच. शिवाय गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, हे पाकिटाला कळत नाही. नळीत असेल तर गोळ्या उपयोगाच्या नाहीत आणि जीव जाऊ शकतो. गोळ्यांनंतर सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप असेल, चक्कर येत असेल, तर त्या रात्री खर्चाचा हिशोब मांडू नका. सरळ रुग्णालय गाठा.

ज्यासाठी लोक वरचे पैसे देतात ती गुप्तता गर्भपाताच्या नियमांत किती बारकाईने लिहिली आहे, ते बघण्यासारखं आहे. तुमची ओळख एकाच नोंदवहीत राहते. केस पेपर, ऑपरेशन थिएटरची वही, फेरतपासणीचं कार्ड, या सगळ्यांवर फक्त त्या नोंदवहीतला अनुक्रमांक. संमतीचा कागद आणि डॉक्टरच्या मताचा कागद लिफाफ्यात घालायचा, लिफाफा सीलबंद करायचा, वर ‘सिक्रेट’ असं लिहायचं आणि रुग्णालयप्रमुखाने तो सांभाळायचा. कायद्याने परवानगी नसलेल्या कोणापुढे तुमचं नाव उघड केलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जिथे हे सगळं आधीच बंधनकारक आहे, तिथे ‘आम्ही कोणाला कळू देणार नाही, फक्त थोडे जास्त लागतील’ या वाक्यातलं ‘जास्त’ कशाचं, ते विचारा. आणि मान्यता मिळालेल्या केंद्रात त्याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. ते दिसलं नाही तर खुर्चीवर बसण्याआधीच उठा.

जळजळ, पांढरं जाणं, फोड

या तक्रारींसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. बाहेर गुप्तरोग वगैरे काही लिहिलेलं नसतं, आणि औषधं लक्षणांवरून रंगीत पाकिटांत देतात: मूत्रमार्गातून पू येत असेल तर करडं, अंगावरून पांढरं जात असेल तर हिरवं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, असे सात रंग. औषध फुकट, समुपदेशकाशी बोलणं फुकट. खासगीत त्वचारोग किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाची फी पाचशे ते बाराशे, वर गोळ्या. लॅबमध्ये एकेक तपासणी दीडशेपासून आठशेपर्यंत, आणि ‘एसटीडी पॅनेल’ नावाचं पॅकेज तीन ते सहा हजारांचं. लक्षणं नसताना, ऑनलाइन जाहिरात बघून पॅकेज मागवू नका. कोणती तपासणी आणि कधी, हे आधी डॉक्टरला ठरवू द्या. जोडीदाराचे उपचार त्याच वेळी झाले नाहीत तर महिन्याभरात हेच बिल पुन्हा येतं.

एचआयव्हीची तपासणी सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात मोफत, आणि आधी-नंतर समुपदेशन धरून. संबंधानंतर दुसऱ्या दिवशी तपासणी करून निगेटिव्ह आल्याचा आनंद खोटा असतो. विषाणू चाचणीत दिसायला काही आठवडे जातात, तोवर थांबून पुन्हा करावी लागते. जोखमीचा प्रसंग घडून ७२ तास झाले नसतील तर मात्र थांबू नका, अपघात विभागात जाऊन पीईपी, म्हणजे लागण टाळणाऱ्या गोळ्या, विचारा. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. आधीपासून घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या, म्हणजे प्रेप, खासगीत महिन्याला दीड ते अडीच हजार. तपासणी पॉझिटिव्ह आली तर एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारं औषध, २००४ पासून सरकारकडून मोफत आहे, आणि नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याच्या पातळीखाली गेला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. १०९७ हा मोफत क्रमांक जवळचं केंद्र सांगतो.

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी नाही, तपासणीच्या अटीवर नोकरी नाही, निकाल तिसऱ्याला सांगायचा नाही. दुसऱ्याच ऑपरेशनच्या बिलात तुम्हाला न विचारता केलेल्या एचआयव्ही चाचणीची ओळ दिसली तर बोट ठेवून विचारा. आणि चाचणी पॉझिटिव्ह म्हणून ‘वेगळ्या किटचे’ भरमसाठ पैसे लावले असतील तर दुप्पट ठामपणे विचारा: रक्तापासूनची खबरदारी प्रत्येक रुग्णाच्या वेळी घ्यायची असते.

रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंती

सगळ्यात महाग सेवा भिंतीवर चुन्याने रंगवलेली असते. ‘गुप्तरोग, धातू जाणे, शीघ्रपतन, खात्रीशीर इलाज’. १९५४ च्या कायद्याने या आजारांच्या अशा जाहिरातींना बंदी आहे, तेव्हा जाहिरात दिसली म्हणजे पहिल्याच ओळीत कायदा मोडलेला. आत गेलं की भस्म, लेप, चाळीस दिवसांचा कोर्स. मला भेटलेल्यांनी आठ हजारांपासून साठ हजारांपर्यंत मोजले होते. पैसे रोख, पावती नाही. तक्रार कोणी केली नाही, कारण तक्रारीत लिहायचं काय?

यातल्या बऱ्याच जणांना आजारच नव्हता. झोपेत वीर्य जाणं किंवा हस्तमैथुन यांनी शक्ती जात नाही, हे पाचशे रुपयांत कुठलाही एमबीबीएस डॉक्टर सांगू शकतो. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून असल्या शंकांना फुकट उत्तरं द्यायचे, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांसारखा वकील असूनही त्यांना त्यापायी दोनशे रुपये दंड झाला. ताठरता येत नसेल तर ती मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असू शकते. भस्माआधी साखर आणि रक्तदाब तपासा, शे-दोनशेत होतं. सिल्डेनाफिलची गोळी चिठ्ठीवर वीस ते चाळीस रुपयांना मिळते. हृदयाच्या नायट्रेट गोळ्या चालू असतील तर तिला हात लावू नका.

याच भिंतीची सुशिक्षित आवृत्ती म्हणजे समलिंगी मुलाला ‘बरं’ करून देणारी सत्रं. दर तासाला दोन-तीन हजार, आणि पालक कर्ज काढून देतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, आणि वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ही कथित ‘कन्व्हर्जन थेरपी’ डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरवली. जो आजारच नाही त्याच्या इलाजाचा वाजवी दर शून्य. मुलगा खचला असेल तर त्या खचण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर न्या. त्यांची याबाबतची भूमिका काय हे आधी फोनवर विचारून घ्या, तेवढा एक फोन फुकट असतो. तृतीयपंथी व्यक्तीला ओळखपत्रासाठी राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करता येतो, प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात आणि त्याला शुल्क नाही. एजंट मागतो ते दोन हजार त्याचे स्वतःचे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस विकत घ्यायची तर मात्र खरोखर पैसे लागतात. देशी सर्व्हाव्हॅकचा डोस दोन हजारांच्या आसपास, गार्डासिल चार हजारांच्या आसपास, नऊ प्रकारांवरची गार्डासिल दहा हजारांच्या वर. नऊ ते चौदा वर्षांत दोन डोस, पुढे तीन; म्हणजे पंधरावा वाढदिवस महागात पडतो. विकत घेण्याआधी आरोग्य केंद्रात चौकशी करा. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी तिथे मोफत होते.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर कोणत्याही रुग्णालयात, खासगीतसुद्धा, उपचार लगेच आणि मोफत द्यावे लागतात. आधी एफआयआर आणा असं म्हणता येत नाही. नकार हा गुन्हा आहे. डिपॉझिट मागितलं तर ११२ लावा, तिथेच उभं राहून.

पावती

महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची असते. त्याचा फोटो काढा. जास्त पैसे लावले तर १९१५ वर ग्राहक मदतवाहिनी आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. अट एकच: हातात पक्की पावती हवी. आणि या विषयात नेमकी तीच कोणी मागत नाही.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीबरोबर मी एका खासगी रुग्णालयात गेले होते. दहावा आठवडा, लग्न झालेलं नाही, वय चोवीस. सगळं नीट पार पडलं, डॉक्टर बोलायलाही चांगल्या होत्या. जाताना काउंटरवरच्या बाईंनी वहीचं पान फाडून त्यावर १८,५०० लिहिलं. रुग्णालयाचं नाव नाही, तारीख नाही. मी पक्कं बिल मागितलं. ‘नाव येईल हं त्यावर,’ बाई मुलीकडे बघून म्हणाल्या. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. ‘येऊ दे,’ ती जरा वेळाने म्हणाली.

चाळीस मिनिटांनी छापील बिल आलं. १२,२००. आम्ही आधीच भरलेल्या पैशांतले ६,३०० बाईंनी रोख परत दिले, पाकिटात घालून, आणि पाकीट चिकटवून.